पांढरी, गुलाबी, पिवळी पाने : निवडणूक खर्चाच्या नोंदवहीसोबतचे काही महिने

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी दुपारी महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली आणि त्याच रात्री माझा भाचा गोरेगावला आमच्या घरी जेवायला आला. ताटावर बसण्याआधीच तो म्हणाला, "मावशी, मी अपक्ष म्हणून फॉर्म भरतोय. तू बँकेत होतीस, हिशेब तूच बघ." त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने नाव जाहीर न करता पक्षांना देणगी देऊ देणारी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली होती आणि मार्चमध्ये रोखे घेणाऱ्यांच्या व ते वटवणाऱ्या पक्षांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या होत्या. त्या याद्या तो लोकलमध्ये मोबाइलवर वाचत असे, आणि 'पैशाशिवाय निवडणूक लढवता येते का ते एकदा करून बघायचे' हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात होते. मी एका सहकारी बँकेच्या लेखा विभागात ३१ वर्षे काढली आहेत. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आणि आमच्याकडे जमण्याची शक्यता जेमतेम एक लाखाची, तेव्हा हिशेब तो काय असणार, असा विचार करून मी हो म्हटले.

पहिला धडा बँकेतच मिळाला. निवडणुकीचा सगळा खर्च एका स्वतंत्र खात्यातून व्हावा लागतो आणि ते खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे लागते. ते एकट्या उमेदवाराच्या नावावर किंवा उमेदवार आणि त्याचा निवडणूक प्रतिनिधी यांच्या नावावर संयुक्त असू शकते. भाच्याने पत्नीबरोबरचे जुने खाते वापरायचे ठरवले होते, ते चालले नाही. दोन दिवस शाखेत खेटे घातल्यावर २४ तारखेला खाते उघडले, मात्र धनादेश पुस्तिका आठवडाभराने मिळाली. कोणी लढण्याचा विचार करत असेल, तर सूचक, म्हणजे आपले नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, शोधायला निघण्याआधी त्याने बँकेत जावे, असे मी आता सांगते.

सूचकांचेही सोपे नसते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला १० लागतात, आणि ते सगळे त्याच मतदारसंघाच्या यादीतले असावे लागतात. आमच्या दहांपैकी एक काकू तीस वर्षे त्याच चाळीत राहत होत्या, पण पुनर्विकासात तात्पुरत्या दुसरीकडे गेल्यावर त्यांचे नाव शेजारच्या मतदारसंघात गेले होते आणि ते त्यांनाही माहीत नव्हते. आम्ही दोन जादा सूचक तयार ठेवले होते म्हणून निभावले. २८ ऑक्टोबरला, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, १० हजार रुपये अनामत भरून, नमुना २६ चे नोटरी केलेले शपथपत्र जोडून अर्ज गेला. त्या शपथपत्रात समाजमाध्यमांवरच्या खात्यांची माहितीही द्यावी लागते. भाच्याचे एक विसरलेले जुने खाते त्यात लिहायचे राहत होते, ते त्याच्या बायकोला ऐनवेळी आठवले.

अर्ज स्वीकारताना नोंदवही हातात मिळाली. तिचे तीन भाग असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख रकमेची नोंद आणि पिवळ्या पानांवर बँकेची नोंद. मला खर्चविषयक अतिरिक्त प्रतिनिधी म्हणून नेमल्याचे पत्र भाच्याने दिले आणि त्या दिवसापासून दर रात्री जेवणानंतर ती वही उघडून बसणे हा माझा नेम झाला. हिशेब सुरू होतो तो अर्ज भरल्याच्या तारखेपासून आणि संपतो निकालाच्या तारखेला. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ मधले हे एक वाक्य मी त्या रात्री दोनदा वाचले, कारण सप्टेंबरमधला गणेशोत्सव मला आठवत होता. आमच्या रस्त्यावर रेल्वे स्टेशनपासून विसर्जनाच्या तलावापर्यंत इच्छुकांच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या कमानी आणि फलक होते, आणि नवरात्रात त्यांत आणखी भर पडली होती. घाटकोपरला १३ मे रोजी अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ माणसे दगावल्यानंतर शहरात फलकांविषयी बरीच चर्चा झाली, पण शुभेच्छांचे फलक काही कमी झाले नाहीत. हे सगळे पैसे अर्ज भरण्याआधी खर्च झालेले, म्हणून वहीच्या बाहेर. आधी छापून ठेवलेले आणि अर्जानंतर वापरलेले साहित्य तेवढे वहीत येते.

नंतर दिवाळी आली. ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपेपर्यंत अपक्षाला चिन्ह मिळत नाही, त्यामुळे लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज हे दिवस आम्ही बिनचिन्हाचे, म्हणजे काहीच न छापता घालवले. पक्षाचे चिन्ह वर्षानुवर्षे लोकांच्या डोळ्यांपुढे असते, आणि आम्हाला मिळालेले स्वयंपाकघरातले एक भांडे लोकांच्या डोक्यात बसवायला १८ तारखेच्या संध्याकाळी ६ पर्यंतचे १४ दिवस होते. जाहिरातीची ताकद कशात असते हे मला त्या दोन आठवड्यांत कळले. नवीन माणसाला आपण कोण आहोत हे सांगण्यातच सगळे पैसे संपतात, आणि जुन्याला फक्त आठवण करून द्यायची असते.

पत्रके लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीत छापली, १५ हजार प्रती, १६,५०० रुपये. कलम १२७ अ नुसार पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असावा लागतो, प्रतींची संख्याही छापण्याची सूचना असते, आणि प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांसह घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यावे लागते. छपाईनंतर मुद्रकाने घोषणापत्राची आणि पत्रकाची एकेक प्रत पाठवायची असते, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडे न जाता राज्याच्या राजधानीत छपाई झाली असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाते. आमचे मुद्रक अनुभवी होते, त्यांनीच ही गोष्ट सांगितली. ते हसून म्हणाले, "ताई, मोठे लोक आमच्याकडे संख्या विचारून घेतात, तुम्ही पहिल्यांदा मला नियम विचारलात."

रोखीच्या मर्यादेने मात्र रोज छळले. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा संस्थेला १० हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही, त्यापुढची रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी लागते. घोषणा करत फिरणाऱ्या रिक्षाचे ९ दिवसांचे १२,६०० झाले. रिक्षावाले भाऊ धनादेश घ्यायला तयार नव्हते, त्यांना रोज संध्याकाळी रोख हवी होती. सातव्या दिवशी माझ्या लक्षात आले की त्यांना ९,८०० रोख गेले आहेत. उरलेले त्यांच्या मुलीच्या खात्यावर पाठवा असे ते म्हणाले, पण पैसे ज्याचे त्याच्याच नावे गेले पाहिजेत हे समजावून त्यांच्या बंद पडलेल्या खात्याची केवायसी करून घेण्यात माझी एक दुपार गेली. देणग्यांचेही तसेच होते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी ५०१ रुपयांचे पाकीट दिले आणि नाव लिहू नको म्हणाल्या. पैसे कोणाचे ते लिहावेच लागते, असे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग हळदीकुंकवाचं म्हणून घे." शेवटी त्यांचे नाव यादीत गेले.

व्हिडिओची कथा वेगळीच. भाच्याने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चालवायला ४० सेकंदांचा व्हिडिओ केला, त्याला ८ हजार रुपये लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशापासून दूरचित्रवाणीवरच्या राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन लागते आणि पुढे निवडणूक आयोगाने त्यात रेडिओ, चित्रपटगृहे, घाऊक संदेश आणि समाजमाध्यमे आणली. उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समितीकडे अर्ज करायचा असतो. सोबत जाहिरातीच्या दोन इलेक्ट्रॉनिक प्रती, साक्षांकित संहिता, निर्मितीचा खर्च आणि प्रसारणाचा अपेक्षित खर्च द्यायचा. ६ नोव्हेंबरला आम्ही वांद्रे पूर्वेला उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात पेनड्राइव्ह घेऊन गेलो. ८ तारखेला उत्तर आले की एका दृश्यात मागे देवळाची दीपमाळ दिसते, ते दृश्य काढावे. भाचा चिडला, कारण तो त्याच्या लहानपणचा चौक होता आणि दीपमाळ तिथे आहेच. मी त्याला म्हटले, "अरे, भांडून तीन दिवस घालवशील की कापून तीन दिवस वाचवशील?" दृश्य कापले, संहिता पुन्हा साक्षांकित केली आणि ११ तारखेला प्रमाणपत्र हातात आले. प्रमाणपत्र मिळेपर्यंत पुढचे काम थांबवू नये, ही सूचना इथे द्यायला हवी. राजकीय जाहिरात चालवणाऱ्याची ओळख फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनीही स्वतंत्रपणे तपासते, आणि ती तपासणी आधी सुरू केली नसती तर आणखी चार दिवस गेले असते.

१२ तारखेपासून जाहिरात चालू झाली. सात दिवसांचे १२ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १४,१६० रुपये लागले. पहिल्याच दिवशी घाईत भाच्याने २ हजार रुपये स्वतःच्या नेहमीच्या खात्यातून भरले, आणि ते नंतर समजावून सांगायला मला दोन पाने लागली. १८ तारखेला संध्याकाळी ६ वाजता प्रचार संपला तेव्हा जाहिरात बंद केल्याचा स्क्रीनशॉट मी वेळेसह काढून ठेवला.

याच दिवसांत कुतूहलाने मी त्याच कंपनीच्या जाहिरात संग्रहात आमच्या भागाचे नाव टाकून पाहिले. उमेदवारांच्या अधिकृत पानांवरच्या जाहिराती थोड्या होत्या. पण ज्यांच्या नावात ना उमेदवार ना पक्ष, नुसता आपल्या वस्तीचा अभिमान, अशी काही पाने होती आणि ती एका उमेदवाराच्या कामाचे गोडवे गात होती किंवा दुसऱ्याची टवाळी करत होती. त्यांतल्या एका पानाने एका आठवड्यात आमच्या सगळ्या निवडणुकीच्या खर्चाएवढे पैसे घातले होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा गुन्हा आहे, आणि त्यातली सवलत अशी की खर्च १० रुपयांपर्यंत असेल तर दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मंजुरी आणली तरी चालते. दहा रुपयांत आज एक कटिंगही येत नाही. मी त्या पानांचे दुवे आणि रकमा लिहून तक्रार दिली, पोच मिळाली, आणि दोन पाने चार दिवसांत दिसेनाशी झाली. ती तक्रारीमुळे गेली की काम झाले म्हणून, हे सांगता येणार नाही.

१० तारखेच्या सुमारास एका स्थानिक साप्ताहिकाच्या प्रतिनिधीचा फोन आला. २५ हजारांत मतदानापर्यंतचे अंक, फोटोसह, "आणि वर जाहिरात असं लिहिणार नाही, बातमीसारखंच दिसेल." ते चांगल्या स्वभावाचे गृहस्थ होते, आणि आपण काही वावगे सुचवतो आहोत असे त्यांच्या आवाजात कुठेही नव्हते. अशी पेरलेली बातमी समितीच्या नजरेस आली तर उमेदवाराला नोटीस येते, ४८ तासांत उत्तर द्यावे लागते आणि समाधान झाले नाही तर जाहिरातीच्या दराने तो खर्च त्याच्या खात्यावर चढतो. मी नाही म्हटले. त्यातला तत्त्वाचा भाग किती आणि २५ हजार नसण्याचा किती, याची प्रामाणिक विभागणी मला करता येत नाही.

प्रचाराच्या काळात उमेदवाराची वही किमान तीनदा खर्च निरीक्षकांपुढे तपासली जाते. आमच्या तारखा ८, १२ आणि १६ नोव्हेंबर होत्या. पहिल्या तपासणीला मी तासभर आधी पोचले आणि तरी अडीच तास थांबले, म्हणून पाण्याची बाटली आणि चष्म्याची जोडी बरोबर असू द्यावी. तपासणी करणाऱ्यांकडे त्यांची स्वतःची छाया नोंदवही असते, कारण व्हिडिओ पथके सभांचे चित्रण करतात आणि त्यावरून खुर्च्या, ध्वनिक्षेपक, फलक मोजले जातात. १२ तारखेला माझ्या वहीत चौकसभेच्या ४० खुर्च्या होत्या आणि त्यांच्या वहीत ६०. मी खात्रीने सांगितले की बिल चाळीसचेच आहे. त्यांनी चित्रण दाखवले. वीस खुर्च्या निळ्या होत्या आणि त्यांच्या पाठीवर आमच्या गणेशोत्सव मंडळाचे नाव होते. मुलांनी ऐनवेळी मंडळाच्या खोलीतून फुकट आणल्या होत्या. फुकट मिळालेल्या वस्तूचाही बाजारभावाने खर्च धरावा लागतो, तेव्हा खुर्चीला १० रुपयांप्रमाणे २०० रुपये वहीत चढले. निरीक्षकांच्या कार्यालयातला तरुण लिपिक अतिशय सौजन्याने म्हणाला, "मॅडम, तुमचे लहान आहे म्हणून सगळे दिसते." त्याने ते सहज म्हटले होते, पण घरी येताना बेस्टच्या बसमध्ये मला तेच आठवत राहिले.

२० तारखेला मतदान झाले आणि २३ तारखेला निकाल लागला. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मते मिळाली की अनामत जाते, तशी ती गेली. भाच्याला मिळालेली मते चार आकडी होती आणि पहिला आकडा एक होता. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे बसून गप्प होता. मी त्याला पोहे दिले आणि मतदान प्रतिनिधींच्या जेवणाची बिले मागितली.

निकालानंतर बहुतेक उमेदवार विसरतात तो भाग इथे सुरू होतो. कलम ७८ नुसार निकालापासून ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. तो दिला नाही आणि योग्य कारणही नसले, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, मग माणूस जिंकलेला असो की हरलेला. आमची मुदत २३ डिसेंबरला संपत होती. मूळ नोंदवही, प्रत्येक खर्चाचे क्रमांकित प्रमाणक (बिल किंवा पावती), बँकेचा उतारा, गोषवारा, त्याच्या अनुसूची आणि शपथपत्र असा गठ्ठा होतो. तीन प्रमाणके सापडत नव्हती. त्यांतले वडापावचे एक मी गाडीवाल्याकडून साध्या कागदावर पुन्हा लिहून आणले, कारण त्याच्याकडे छापील पावती कधीच नव्हती. मुदत संपण्याआधी, निकालानंतरच्या २६ व्या दिवशी, उमेदवारांसाठी खर्चाचा ताळमेळ घालण्याची बैठक असते. तिला जरूर जावे. छाया नोंदवहीशी न जुळणाऱ्या रकमा तिथे समोरासमोर बसून मिटवता येतात. आमचा २ हजारांचा घोळ तिथेच मिटला. २० डिसेंबरला हिशेब दिला, पोच घेतली. एकूण खर्च १,०४,५०० रुपये, त्यात त्या वीस खुर्च्या धरून.

माझे काम इथे संपले होते, पण नियम चाळताना एक गोष्ट दिसली होती आणि ती मला स्वस्थ बसू देत नव्हती. निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे कोणाही माणसाला एक रुपया फी भरून कोणत्याही उमेदवाराचा हिशेब पाहता येतो. जानेवारीत मी गेले. एक रुपया कोणत्या शीर्षाखाली घ्यायचा यावर दोन टेबलांमध्ये पंधरा मिनिटे चर्चा झाली आणि मग मला पावती मिळाली.

दुपारभर बसून मी तीन मोठ्या उमेदवारांच्या वह्या वाचल्या. प्रमाणके नीट लावलेली, बेरजा बिनचूक, काम करणाऱ्याचा हात सराईत, हे एक जुनी बँकवाली म्हणून मला मान्य करावेच लागेल. तिघांचेही एकूण खर्च ४० लाखांच्या निम्म्याच्या आसपास थांबले होते. मी स्वतः त्या काळात त्याच रस्त्यांवरून चालत होते, तेव्हा ते आकडे वाचताना मला वहीवर नव्हे तर माझ्या डोळ्यांवर शंका यायला लागली. मग हळूहळू उलगडा झाला. मोठ्या नेत्याची सभा झाली तर स्टार प्रचारक, म्हणजे पक्षाने प्रचारासाठी जाहीर केलेल्या यादीतला नेता, म्हणून त्याचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावे धरत नाहीत, आणि मंचावर बसलेल्या उमेदवारांमध्ये सभेचा खर्च वाटला जातो. ज्या जाहिरातीत पक्षाचे नाव आणि नेत्याचा चेहरा आहे पण उमेदवाराचे नाव नाही, ती पक्षाची. आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. त्याने विधानसभा निवडणुकीनंतर ७५ दिवसांत आयोगाला विवरण द्यायचे, एवढेच. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरावा असा निकाल दिला होता, तेव्हा त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून तो खर्च बाहेर काढला गेला. २००३ च्या दुरुस्तीने ती सूट नेत्यांच्या प्रवासापुरती आखडली, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा खर्च वहीबाहेरच आहे.

मी दोन अनुसूचींच्या साक्षांकित प्रती मागितल्या : दुसरी, ज्यात स्टार प्रचारकांच्या सभा असतात, आणि चौथी, ज्यात माध्यमांवरचा खर्च असतो. कोणाला हे करायचे असेल तर अख्खी वही न मागता या दोनच मागाव्यात, पाने कमी लागतात आणि प्रती लवकर मिळतात. मला त्या नऊ दिवसांनी मिळाल्या. नोव्हेंबरमध्ये चालता चालता काढलेले फलकांचे माझे फोटो, तारखांसह, आता त्या प्रतींच्या शेजारी डायनिंग टेबलावर पडले आहेत, आणि भाचा रोज संध्याकाळी येऊन त्यांतला एकेक फोटो कोणत्या ओळीत बसतो ते शोधतो आहे.